फ्रिजमधला डबा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. पण आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी इंजेक्शनांचा डबा असतो, त्याविषयी आपणांपैकी पुष्कळजणींनी मला विचारले आहे. म्हणून चार शब्द बोलते.

माझ्या सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवरही एक वेष्टण असते. या आजारात शरीराची रक्षण करणारी शक्तीच ते कुरतडते. मग कधी डोळ्यांपुढे धूसर होते, कधी पाय जड पडतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

सून आठवड्यातून तीनदा ग्लॅटिरामरचे इंजेक्शन कातडीखाली स्वतःच टोचून घेते. थोडा वेळ आधी ते बाहेर काढून ठेवायचे. आज मांडी, परवा पोट, अशी जागा बदलायची. हे औषध इस्राएलच्या वाइझमन संस्थेत निघाले. तेथील मुख्य तीन संशोधकांत रूथ आर्नोन व ड्वोरा टाइटेलबाउम या दोघी स्त्रिया होत्या. प्राण्यांत असाच आजार उत्पन्न करण्यासाठी बनविलेला पदार्थ उलट त्यांचे रक्षण करतो, असे त्यांना आढळले. हे १९७१ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत औषधाला मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले.

आता माझी चूक सांगते. वर्षभर सून ठणठणीत होती. खर्चही फार. मीच म्हटले, "बरी आहेस ना? मग कशाला अंगाला सुया?" तिने औषध थांबविले. काही महिन्यांनी एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप निसटला. हात पुढे पुष्कळ सुधारला, पण पूर्ण नाही.

डॉक्टर म्हणाले, "औषध सोडल्यामुळेच झाले, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण हे इंजेक्शन झालेले नुकसान भरून काढीत नाही. पुढचे झटके कमी करते. बरे वाटते म्हणून ते सोडायचे नसते." तेव्हा कुठे मला उमगले. मी गुण दिसण्याची वाट पाहत होते, आणि काही न घडणे हाच त्याचा गुण होता!

आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही या आजाराचा समावेश आहे, हे गरजूंच्या कानावर घाला. आणि एक विनंती. सून हळदीकुंकवाला आली, की "अजून इंजेक्शने चालूच का?" असे विचारू नका. तिला पंख्याखाली खुर्ची द्या. उष्म्याने तिला त्रास होतो. सल्ला मात्र देऊ नका. तो मी एकदा देऊन बसले आहे.