चार ओळींची बातमी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही मला विषय दिलाय 'चळवळ आणि आजच्या बातम्या'. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यावर कुणीही काहीही बोलावं, टाळ्या घ्याव्यात आणि घरी जाऊन झोपावं. मी गोदीत ओझी उचलणारा माणूस, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अधूनमधून कविता लिहितो. जगाच्या राजकारणावर व्याख्यान झोडणं मला जमणार नाही. मी एकाच बातमीवर बोलणार आहे. ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींची असते. तुम्ही ती पन्नासदा वाचलीय. गाव बदलतं, मेलेल्यांची नावं बदलतात, बातमी तीच राहते.

ती अशी असते: सेप्टिक टँक साफ करण्यासाठी उतरलेल्या तीन कामगारांचा गुदमरून दुर्दैवी मृत्यू. कामगारांनी सुरक्षा साधने वापरली नव्हती. पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली आहे. पुढील तपास सुरू.

बस्स. खाली लगेच सोन्याचा भाव.

आता ह्या चार ओळी जरा सोलून बघू. 'उतरलेल्या'. म्हणजे जणू हे तिघं सकाळी उठले, चहा प्याले आणि आज गंमत म्हणून टाकीत उतरू म्हणाले. अरे, उतरवलं कुणी? किती रुपयांवर? सोसायटीच्या सेक्रेटरीनं की ठेकेदारानं? मेलेल्याचं नाव छापून येतं, वय येतं, वस्ती येते. उतरवणाऱ्याचं नाव येत नाही. तो नुसताच 'ठेकेदार'.

'दुर्दैवी'. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण दैव नावाची भानगड सोडून दिली. पेपरवाले मात्र आपला माणूस मेला की तेच दैव परत आपल्या गळ्यात बांधतात. दैवानं मेला म्हटलं की कुणाला हातकड्या घालायची गरज उरत नाही.

आणि सगळ्यात हरामखोर ओळ, 'सुरक्षा साधने वापरली नव्हती'. वाचणाऱ्याला वाटतं, मेलेलाच बेपर्वा होता. कायदा काय म्हणतो ते ऐका. हातानं मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आणि त्या वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनीच, अंमलात आला. त्यात 'धोकादायक सफाई'ची व्याख्या आहे. मालकानं संरक्षक साधनं न देता, सुरक्षेची काळजी न घेता गटार किंवा सेप्टिक टँक माणसाकडून साफ करून घेणं म्हणजे धोकादायक सफाई. कलम ७ प्रमाणे ती बंद. कलम ९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे साधनं नव्हती ही ओळ मालकाच्या गुन्ह्याचा पुरावा आहे. पेपरात ती मेलेल्याचा दोष म्हणून छापून येते. हा चमत्कार रोज होतो आणि आपण पान उलटतो.

मी गोदीतला, म्हणून 'गुदमरून' ह्या शब्दाबद्दल मला दोन गोष्टी माहीत आहेत. जहाजाच्या पोटात भंगार लोखंड, कोळसा, ओलं लाकूड असा माल बंद राहिला की तो हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वरून वाकून बघितलं तर काही कळत नाही. धूर नाही, वास नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि तळाला पोचायच्या आत कोसळतो. म्हणून नियम असा की आधी हॅच उघडायची, हवा खेळू द्यायची, यंत्रानं हवा तपासायची, कमरेला दोर बांधायचा आणि वर एक माणूस उभा ठेवायचा. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ साली वेगळा कायदा झाला. गोदीत सगळे नियम पाळले जातात असं मी म्हणत नाही. पण तिथं संघटना होती, काम बंद पाडायची ताकद होती, म्हणून नियम निदान कागदावर तरी आला.

गटारात तर ह्याहून वाईट. मैला सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. वायू जास्त असला तर नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस. मग तो पडतो. वरच्याला वाटतं चक्कर आली, तो ओढायला उतरतो. तोही पडतो. मग तिसरा. बातमीत दोन-दोन, तीन-तीन, बाप-लेक, भाऊ-भाऊ का असतात, ते आता लक्षात आलं असेल. दुसरा आणि तिसरा माणूस पहिल्याला वाचवायला गेलेला असतो. एक दोर आणि हवा तपासायचं हातात मावणारं यंत्र, एवढ्यानं तो वाचला असता. आणि मुळात सक्शनची गाडी आणली असती तर पहिलाही उतरला नसता. गाडीपेक्षा माणूस स्वस्त पडतो, एवढाच हिशेब आहे.

आता सरकारकडे वळू. पहिला बंदीचा कायदा १९९३ चा. सफाई कर्मचारी आंदोलनानं २००३ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली, निकाल लागला २७ मार्च २०१४ ला. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाचा शोध घ्या आणि घरच्यांना दहा लाख द्या, असं कोर्टानं सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं रक्कम तीस लाख केली, कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. २९ जानेवारी २०२५ ला कोर्टानं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद ह्या सहा शहरांत हातानं मैला उपसणं आणि गटार साफ करणं बंद करा असा हुकूम दिला. तारखा बघा. १९९३, २०१३, २०१४, २०२३, २०२५. जी गोष्ट एकदा बंद झाली ती पुन्हा पुन्हा बंद का करावी लागते?

ह्याचं उत्तर संसदेत सापडतं. २८ जुलै २०२१ ला राज्यसभेत प्रश्न आला, हातानं मैला साफ करताना किती माणसं मेली? सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले यांचं लेखी उत्तर होतं की असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. एकही नाही! उत्तर देणारा माणूस एके काळचा पँथर. म्हणून ते जास्त झोंबलं. त्याच सुमारास त्याच खात्यानं दुसऱ्या उत्तरात सांगितलं की गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना ९४१ माणसं मेली आहेत. दोन्ही उत्तरं एकाच सरकारची. ही व्याख्येची हातचलाखी आहे. कायद्यात 'मैला साफ करणारा' आणि 'धोकादायक सफाई' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. मेलेला माणूस एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात टाकला की पहिला रकाना स्वच्छ. गटार साफ होत नाही, रकाना साफ होतो.

तरीही कधीकधी सरकारच्याच कागदातून खरं बाहेर येतं. २०२४ साली केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि सेप्टिक टँकच्या कामगारांची नोंदणी चालू होती. तेव्हा सुमारे ३८ हजारांची माहिती गोळा झाली होती. त्यात शंभरातले जवळजवळ एकोणसत्तर अनुसूचित जातींचे. आदिवासी आणि इतर मागास धरले तर ब्याण्णव. आता मला सांगा, हे दैव आहे, अपघात आहे, की जात आहे?

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. इथून पुढचं कडू लागेल.

गटारात माणूस मेला की आपल्या वस्तीतही एक वाक्य ऐकू येतं. 'ते काम त्यांचं आहे.' त्यांचं म्हणजे मेहतरांचं, रुखींचं, वाल्मीकींचं. म्हणजे गावानं आपल्याला जे सांगितलं ते आपण खालच्या पायरीवरच्याला सांगायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचं मांस आणि उष्टं अन्न सोडायला सांगितलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी सोडलं, उपास काढले, मार खाल्ला, पण सोडलं. ते सोडणं फक्त आपल्या जातीपुरतं होतं का? बाबासाहेबांनी श्रमाच्या विभागणीबरोबर श्रमिकांचीही विभागणी झालीय म्हटलं, ते आपण भिंतीवर रंगवतो आणि त्याच भिंतीमागच्या गटारात कोण उतरलंय ते बघत नाही. रुख्याचं पोर मेलं आणि आपल्या शाखेनं बैठक घेतली नाही, तर ती शाखा जातीची झाली, चळवळीची नाही.

दुसरी गोष्ट, आपली काम करायची पद्धत. बातमी आली की मोबाईलवर निषेध. मेणबत्त्या. चौकात बॅनर, त्यावर मेलेल्याच्या फोटोपेक्षा आपल्या पुढाऱ्याचा फोटो मोठा. चौथ्या दिवशी दुसरी बातमी येते आणि आपण तिकडे पळतो. बातमीचं आयुष्य चार दिवसांचं. खटला चालतो दहा वर्षं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. सुरुवातीला छापून आलं ते 'अनैतिक संबंधां'तून खून म्हणून. जवळजवळ महिन्यानं महाराष्ट्र पेटला. पोरं रस्त्यावर आली म्हणून देशाला खैरलांजी कळलं, हे खरं. पण २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टात आणि २०१० ला हायकोर्टात ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. जात कागदावर उभी राहिली नाही. रस्ता आपण जिंकतो, कागद ते जिंकतात.

म्हणून मी म्हणतो, कागदाला भिडा. २०१९ साली गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा हायकोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टानं सरकारला प्रत्येकी दहा लाख द्यायला लावले. जागा खाजगी होती म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. मुंबईचा कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांचं घ्या. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला, २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणात जिंकला, महापालिका वर गेली, आणि एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना कायम करण्याचा हुकूम उचलून धरला. मधल्या वर्षांत हजेरीचे पुरावे, पगाराच्या चिठ्ठ्या कुणीतरी जपून ठेवल्या. त्याची बातमी होत नाही. पण चळवळ म्हणजे तेच, जिथं फोटो निघत नाही ते काम.

आता करायचं काय? लिहून घ्या.

गटारात माणूस मेल्याचं कळलं की दोन जणांनी थेट पोलीस ठाण्यात आणि दोन जणांनी हॉस्पिटलात जायचं. पोलीस अपघाती मृत्यूची नोंद करून मोकळे होऊ बघतील. फार तर निष्काळजीपणाचं कलम लावतील, जे पूर्वी ३०४-अ होतं आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०६ आहे. तेवढ्यावर उठायचं नाही. २०१३ च्या कायद्याची कलमं ७ आणि ९ लावा म्हणायचं. मेलेला अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(जे) सुद्धा मागायचं. कुणी बोलावलं, किती पैसे ठरले, साधनं दिली का, हे वाचलेल्या साथीदाराकडून त्याच दिवशी लिहून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला गावी पाठवतो. आणि ध्यानात ठेवा, ह्या २०१३ च्या कायद्याखाली तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. घरातली बाई अजून रडत असते, तेवढ्यात मुदत संपते. तिला वहिनी म्हणून धीर देणारे पुष्कळ येतात. तिच्याबरोबर कलेक्टर कचेरीच्या बाकावर सहा-सहा तास बसणारा एक तरी हवा.

कवी म्हणून एक बोलतो. आपल्या कवितेत गटार फार आलंय. गटार म्हणजे व्यवस्था, गटार म्हणजे शहर. ठीक आहे. पण गटार म्हणजे गटारसुद्धा असतं. त्याला झाकण असतं, त्याला खोली असते, त्याच्या तळाशी खरोखरचा वायू असतो आणि खरोखरचा माणूस पडलेला असतो. त्याला उपमा नको, दोर हवा. कविता लिहा, जरूर लिहा, मीही लिहिणार. पण तक्रारअर्ज लिहायला बसलात की तोही तेवढ्याच जिवानं लिहा. त्यातलं एक वाक्य चुकलं तर कुणी टीका करणार नाही, फक्त खटला पडेल.

आपल्या प्रत्येक वस्तीजवळ सोसायट्या आहेत, टाक्या आहेत, आणि सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभी असलेली माणसं आहेत. त्यांना आत्ता, कुणी मरायच्या आधी सांगायला हवं की उतरायचं नाही. न उतरल्यामुळं त्या दिवसाची चूल विझली तर तेवढा डबा आपल्या घरातून जायला हवा. नाहीतर आपलं सांगणं फुकटचं.

भाषण संपलं. कुणी लगेच उठू नका. वही आणलीय, वॉर्डाप्रमाणे नावं लिहून घेऊ. कोण पोलीस ठाण्याचं बघणार, कोण हॉस्पिटलचं, कोण नाक्यावर जाणार, हे आजच ठरवून जाऊ.

जय भीम.