बटाटे खाणारी माणसे

श्रोतेहो, दिवसभर रानात खपलेले घर दिवेलागणीनंतर जेवायला बसते, ते तुम्ही रोजच पाहता. हॉलंडमधल्या न्यूनेन गावचे असेच एक घर व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८५ साली रंगवले. टेबलाभोवती पाच माणसे, वर टांगलेला एकच दिवा, मधोमध वाफाळत्या बटाट्यांचे ताट. एका कडेला म्हातारी कॉफी ओतते आहे.

‘काय हे दारिद्र्य!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. जरा थांबा, हात पाहा. हाडे वर आलेले, राकट. ज्या हातांनी जमीन खणली तेच आता ताटात आहेत, हे आपल्याला दाखवायचे होते, असे त्याने भावाला पत्रातून कळवले होते. रंगसुद्धा न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा! त्याच्या एका चित्रकार मित्राने या चित्राला खूप नावे ठेवली. असो.

आता नजरा पाहा. डावीकडची बाई शेजारच्या पुरुषाकडे बघते. तो भलतीकडेच बघतो आहे. म्हातारीचे डोळे खाली पेल्यांवर. कुणाची नजर कुणाला भेटत नाही. हा दुरावा म्हणायचा की थकवा? मला थकवाच वाटतो, कारण ताट एकच आहे आणि उजेडही सगळ्यांत मिळून एकच. भिंतीवर क्रूसावरच्या ख्रिस्ताची तसबीर आहे. पण तिच्यापेक्षा मला तो दिवाच अधिक बोलका वाटतो.

गुरुजी, हे चित्र वर्गात लावाल तेव्हा अर्थ आधी सांगू नका. पुढ्यात एक मुलगी पाठमोरी बसली आहे. तिचा चेहरा कसा असेल, एवढेच मुलांना विचारा.