हृदयमंदिराची चार दारे



चेन्नईतील मैलापूर हे कपालीश्वराचे क्षेत्र. तमिळ पंगुनी महिन्यातील उत्सवात तेथे त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. त्यांपैकी एक पूसलार. गाठीला पैसा नव्हता. म्हणून या भक्ताने शिवाचे देऊळ आपल्या अंतःकरणातच उभारले. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात त्याची कथा गायिली. चेन्नईजवळच्या तिरुनिन्रवूर या त्याच्या गावी आज हृदयालीश्वराचे मंदिर आहे आणि हृदयविकाराचे रुग्ण तेथे श्रद्धेने येतात.

भक्ताने हृदयात मंदिर बांधले. निसर्ग तर हृदयच मंदिरासारखे बांधतो. त्याच्या डाव्या अलिंदात फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा उघडतात. शिरा म्हटली की अशुद्ध रक्त, हा नियम येथे लागू पडत नाही. उजव्या फुप्फुसाच्या दोन आणि डाव्याच्या दोन, अशी चार दारे पाठ्यपुस्तकातील आकृतीत दिसतात. प्रत्यक्षात मात्र सर्वांची हृदये त्या आकृतीबरहुकूम नसतात. कोणाच्या डाव्या बाजूच्या दोन शिरा एकत्र होऊन एकाच दाराने आत येतात. कोणाच्या उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडाची शीर स्वतंत्र तिसरे दार उघडते.

असे का होते? गर्भावस्थेच्या आरंभी अलिंदातून एकच शीर फुटते आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला जाऊन मिळते. पुढे अलिंद वाढताना ती शीर व तिच्या पहिल्या शाखा अलिंदाच्या भिंतीत सामावून जातात, आणि चार दारे उरतात. हे सामावणे थोडे कमी झाले तर दारे घटतात, अधिक झाले तर वाढतात. रक्त योग्य ठिकाणीच पोहोचते; म्हणून अशी माणसे निरोगी आयुष्य जगतात, आणि बहुतेकांना आपले वेगळेपण कळतही नाही.

मात्र ती मूळ शीर जुळलीच नाही, तर प्रसंग कठीण होतो. चारही शिरांचे शुद्ध रक्त वाट चुकून उजव्या बाजूच्या अशुद्ध रक्तात मिसळते. दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र असेल तरच त्यातले काही डावीकडे येते व शरीराला मिळते. बाळ निळसर दिसते, दूध पिताना दमते, भराभर श्वास घेते. वेळीच शस्त्रक्रिया करून शिरा डाव्या अलिंदाला जोडल्या, तर ते वाचू शकते. म्हणून नवजात बाळाची जीभ व ओठ निळे दिसल्यास क्षणभरही थांबू नये.

निरुपद्रवी वेगळेपणाचीही नोंद घ्यावी लागते. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल ऐसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अलिंदाच्या अनियमित स्पंदनांचा उगम बहुधा या शिरांच्या आत असतो. त्यावर उपचार करताना वैद्यांना त्या रुग्णाची दारे आधी मोजावी लागतात. आकृती सर्वांची असते. हृदय ज्याचे त्याचे असते.

विद्यार्थ्यांनो, आकृती चार शिरांचीच काढा. परीक्षेत तीच विचारतील. परंतु वेगळेपण आणि व्यंग यांतील भेद ओळखायलाही शिका. दारे किती, हा प्रश्न दुय्यम. प्राणवायू घेऊन आलेले रक्त घरी पोहोचते की नाही, हा प्रश्न खरा.