शेवटची येईपर्यंत

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला इथं बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. हुंडा, पोटगी, रेशन अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षं झगडणाऱ्या बायका समोर बसलेल्या, आणि त्यांना मी काय सांगणार, तर आम्ही रविवारी पहाटे पळतो! माझं मलाच ते चैनीचं वाटलं. बोलावणारी म्हणाली, "पळण्याचं कौतुक नको सांगूस. तुम्ही एकमेकींना धरून कशा राहिलात तेवढं सांग." म्हणून आले.

आम्ही साताऱ्याच्या. अकराजणी. दोघी शिक्षिका, एक बँकेत, एक परिचारिका, एक शिवणकाम करते, एक मेस चालवते, आणि बाकीच्या घरी असतात, म्हणजे सगळ्यांत जास्त काम त्याच करतात. सर्वांत धाकटी २९ वर्षांची. सर्वांत थोरली मी, ५४ची, आणि सर्वांत हळूही मीच.

आमच्या गावात २०१२पासून डोंगरातली अर्धमॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून परत यायचं. निम्मी शर्यत चढ, निम्मी उतार. पावसाळ्याचे दिवस असतात, घाटात धुकं असतं. पहिली काही वर्षं आम्ही छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. आमची मेसवाली म्हणते, "टाळ्या वाजवून हात दुखायला लागले, तेव्हा म्हटलं आता पाय दुखवून बघू." आमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिली आली, २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली. तिचा आम्हाला केवढा अभिमान! पण खरं सांगू, ललिताला टीव्हीवर बघून माझ्यासारखी बाई उठून पळायला लागत नाही. शेजारच्या गल्लीतली, आपल्यासारखीच जाडजूड वहिनी धापा टाकत पळताना दिसली, की वाटतं, अरे, ही पळते तर मी का नाही?

सुरुवात हास्यास्पदच होती. दोन विजेचे खांब पळायचं, चार खांब चालायचं. ओढणी सांभाळत. पळण्यासाठी आतले घट्ट कपडे वेगळे मिळतात हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीतच नव्हतं, आणि माहीत असलेल्यांना दुकानातल्या पोरापुढं मागायची लाज. शेवटी चौघी मिळून गेलो. चौघी काउंटरसमोर उभ्या राहिल्यावर लाजायची पाळी त्या पोरावर आली. हसू नका, एकटी असती तर मी आजही ते घेतलं नसतं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. लांब पल्ल्याच्या सरावात नेहमी जोरात पळायचं नसतं. बराचसा सराव सावकाश करायचा असतो. मोठमोठे धावपटूही तसाच करतात. आणि सावकाश म्हणजे किती, तर शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं. वाक्य मध्येच तुटून धाप लागली, की वेग जास्त झाला. घड्याळ नको, यंत्र नको. म्हणजे बघा, बायकांनी गप्पा मारणं हा एरवी टिंगलीचा विषय, आणि इथं तेच वेगाचं माप.

दीड-दोन तास बोलायचं म्हटल्यावर भाजीचे भाव पहिल्या दोन किलोमीटरमध्ये संपतात. मग बाई खरं बोलायला लागते. शेजारी शेजारी पळताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, अंधार असतो, आणि कुणी मध्येच चहा ठेवायला उठत नाही. एकदा बँकवाली पुढं बघतच म्हणाली, "मला पळताना थोडी थोडी लघवी होते." दोन पावलं शांतता. मग मागून आवाज, "मला पण." मग आणखी एक. सात जणींना तो त्रास होता. बाळंतपणानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, त्यानं असं होतं, आणि ते स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम नेमानं केले तर पुष्कळ जणींना फरक पडतो, हे आमच्या परिचारिकेनं तिथल्या तिथं घाटात सांगितलं. नाही कमी झालं तर डॉक्टरला दाखवायचं. सात बाया, कुणी दहा वर्षं, कुणी बारा वर्षं, शिंक आली तरी पाय आवळून उभ्या. आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपलंच आहे.

पण सगळं असं गोड नव्हतं. आमचा पहिला नियम होता, शेवटची येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. ऐकायला फार छान. आता हिशेब करा. शेवटची म्हणजे मी, वीस-पंचवीस मिनिटं मागं. दहा जणी वाट बघत उभ्या. त्यांच्यातल्या एकीकडे साडेसातला नळाचं पाणी यायचं, एकीला डबे भरायचे, एकीच्या सासूबाईंना आठच्या आत नाश्ता लागतो. बाईला पहाटेचे दोन तास मिळतात ते कुठून तरी ओरबाडून आणलेले असतात, आणि त्यातली पंचवीस मिनिटं माझ्यासाठी रस्त्यात उभं राहून जायची. कुणी बोलत नव्हतं, पण मी वळणावर दिसले की सगळ्या घड्याळाकडे बघायच्या. धाकटीनं एकदा तोंडावर सांगितलं, "काकू, मला वेळेत पळून बघायचंय. दर वेळी तुमच्यासाठी थांबले तर मी कधी पळणार?" मला झोंबलं. घरी येऊन रडले. दोन आठवडे गेलेच नाही.

तिचं चुकलं होतं का? आज वाटतं, नाही. बाईनं जोरात पळायची इच्छा उघड बोलून दाखवली तर आपणच तिला स्वार्थी म्हणतो. गटातला मैत्रीभाव म्हणजे सगळ्यांनी सर्वांत हळू बाईच्या वेगानं जायचं, असा अर्थ आम्ही लावला होता. संस्था-संघटनांतही असं होतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटी तोडगाही धाकटीनंच काढला. थांबायचं नाही, मागं वळायचं. जी पुढं जाईल तिनं ठरलेल्या ठिकाणी पोचलं की उलटं फिरायचं, शेवटच्या बाईपर्यंत खाली यायचं आणि तिच्याबरोबर पुन्हा चढायचं. तिचा सराव जास्त होतो, आणि मला वळणावर दहा घड्याळं दिसत नाहीत, समोरून येणारी पोरगी दिसते.

आमच्या शिक्षिकेनं एकदा घाट चढताना अमेरिकेतल्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिकडं १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची मुलगी आद्याक्षरांनी नाव नोंदवून उतरली. तेव्हा तिथं बायकांना प्रवेश नव्हता. आदल्या वर्षी बॉबी गिब झुडपात लपून, नंबर नसताना पळाली होती. कॅथरीन पळत असताना एक अधिकारी धावत आला आणि तिच्या अंगावरचा २६१ नंबर ओढायला लागला. बरोबरच्या मित्रानं त्याला बाजूला ढकललं. त्याचे फोटो जगभर गेले. पण फोटोत ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो तिचा प्रशिक्षक, विद्यापीठात टपाल पोचवणारा माणूस. आधी तोही म्हणत होता की बाईला एवढं अंतर झेपणार नाही. तिनं सरावात त्याहून जास्त अंतर पळून दाखवल्यावर तो तिच्याबरोबर उतरला.

मला मात्र १९७२ची गोष्ट जास्त आवडते. न्यूयॉर्कच्या शर्यतीत बायकांना घेतलं, पण अट घातली की त्यांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी, वेगळं निघायचं. बंदूक वाजली आणि सहाच्या सहा बायका रेघेवर खाली बसल्या. धरणंच की हो! दहा मिनिटं बसून राहिल्या, पुरुषांची बंदूक वाजली तेव्हा उठून सगळ्यांबरोबर पळाल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटं धरली गेली. एकमेकींच्या विरुद्ध शर्यतीला आलेल्या बाया त्या, पण आधी एकत्र बसल्या. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला पुढं १९८४ साल उजाडलं.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे आले ते सांगते.

आमच्यातली एक यायची बंद झाली. फोनवर निरोप, "जरा गडबड आहे." तीन रविवार झाले तेव्हा तिची राहिलेली पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून आम्ही तिघी गेलो. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आलेला. त्यांचं सगळं अंथरुणात. ते हीच करणार हे गृहीत, कुणी तिला विचारलंही नव्हतं. आम्ही लगेच पाळ्या लावल्या. दर रविवारी दोघींनी पळायचं सोडून आजोबांजवळ बसायचं, तिनं पळून यायचं. आम्हाला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! याला म्हणतात बायकांची एकजूट, वगैरे.

माझी पाळी आली त्या दिवशी पहाटे सव्वापाचला मी आजोबांचं तोंड पुसत होते, आणि आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. त्यांच्या मुलाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. माणूस वाईट नाही. आमच्याशी अदबीनं बोलतो, चहा विचारतो. पण दोन महिने परक्या बाया येऊन त्याच्या बापाचं करत होत्या आणि तो झोपत होता. आम्ही तिला मोकळं केलं असं समजत होतो. मोकळा तो झाला होता. त्याच्या वाटणीचं काम आम्ही अकराजणींत वाटून घेतलं होतं.

यावर आमच्यात भांडण झालं. काही म्हणाल्या, दुसऱ्याच्या संसारात पडायचं नाही, तिला पळायला मिळतंय ना? मी म्हटलं, मग पाळीत त्याचंही नाव घाला. शेवटी मेसवालीनं दारात उभं राहून सरळ विचारलं, "भाऊजी, शर्यत जवळ आली, आम्हाला सगळ्यांनाच घाटात जायचंय. पुढच्या रविवारी तुम्ही बसाल ना?" तो म्हणाला, "हो, हो, बसेन की." इतकंच. त्या रविवारी त्यानं तिला घाटात चार वेळा फोन केला, औषध कुठलं, चादर कुठं आहे. चौथ्या वेळी तिनं फोन माझ्याकडे दिला. आता एकच फोन येतो. पण हे विचारायला आम्हाला दोन महिने लागले, आणि ती स्वतः आजही म्हणते की मला विचारता आलं नसतं.

शर्यतीचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी आम्ही नऊजणी उतरलो. चढाला मी बरी होते, उतारानं गुडघे आणि पायाची नखं काढली. शेवटच्या टप्प्यात गावातले लोक ढोल वाजवत होते आणि मला फक्त बसावंसं वाटत होतं. तेवढ्यात गळ्यात पदक घातलेली धाकटी समोरून येताना दिसली. स्वतःची शर्यत संपवून उलटी आली होती. काही बोलली नाही, माझ्या बाजूला लागली. मी म्हटलं, "तुला वेळ मिळाला का मनासारखा?" म्हणाली, "मिळाला. आता बोलू नका, पळा."

एक गोष्ट मात्र आम्हाला सुटलेली नाही. आम्ही पळतो त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, एक ताई खालच्या वस्तीतून वरच्या सोसायट्यांमध्ये धुण्या-भांड्याला चालत जातात. साडीत, साध्या चपला, आणि चाल अशी की मी पळूनही त्यांना गाठू शकत नाही. एकदा उत्साहानं म्हटलं, "ताई, या ना आमच्यात, तुम्ही तर पहिल्या याल." त्या थांबल्या नाहीत. चालता चालता म्हणाल्या, "पळायची हौस नाही बाई मला. सकाळची बस सुरू होईल असं काहीतरी बघा." आमच्या बुटांच्या आणि शर्यतीच्या फीच्या पैशांत त्यांचं काय काय झालं असतं, ते मी इथं सांगत बसत नाही. आणि आमच्यातल्या तिघी-चौघी रविवारी निवांत पळू शकतात, कारण त्यांच्या घरची भांडी घासायला अशीच कुणीतरी त्या वेळी चालत निघालेली असते. बससाठी अर्ज लिहिला आहे, सह्या गोळा करतोय. आज येताना कागद आणलाय, तो मागून फिरेल. साताऱ्यातल्या ज्या असतील त्यांनी सही करावी, पत्ता पूर्ण लिहावा.

आणि कुणाला पळायचं असेल तर रविवारी पहाटे पाचला आम्ही समर्थ मंदिरापाशी असतो. बाटली आणा. हळू पळणारी असाल तर माझ्याबरोबर.