विजेच्या बिलाचे गणित



घरखर्चात काटकसर करावयाची म्हटली, की वडीलधाऱ्यांचा हात प्रथम दिव्याच्या बटणाकडे जातो. मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर वा मुलुंडच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, रात्री पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला ‘बिल वाढते, दिवा मालव’ असे ऐकावे लागते. हेतू स्तुत्य आहे. परंतु काटकसर चुकीच्या जागी झाली तर पैसा वाचत नाही आणि अभ्यास मात्र बुडतो. म्हणूनच हा विषय गणिताच्या तासाचा आहे.

उपनगरांना वीज पुरविण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी 1929 साली स्थापन झाली. तिच्या क्षेत्रातील, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडील, हे काम 2018 पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. मुलुंडला महावितरणची वीज आहे. परंतु कंपनी कोणतीही असो, घर उपनगरातील असो वा खेड्यातील, मीटरचा हिशेब एकच. 1000 वॉटचे उपकरण एक तास चालले की 1 युनिट होते. वॉटना तासांनी गुणावे व 1000 ने भागावे, एवढेच हे गणित.

आता उदाहरण पाहावे. 9 वॉटचा एलईडी दिवा रोज 3 तास लावला, तर 30 दिवसांत 0.81 युनिट लागते. उलट 2000 वॉटचा गीझर अर्धा तास तापला की 1 युनिट खर्ची पडते. म्हणजे मुलाच्या महिनाभराच्या अभ्यासाहून एका सकाळचे गरम पाणी महाग! ज्या घरी अद्याप 60 वॉटचा जुना बल्ब आहे, तेथे रोज 5 तासांचे महिन्याला 9 युनिट होतात. 9 वॉटचा दिवा तेच काम दीड युनिटाच्या आत करतो. दिवा विझविण्यापेक्षा तो बदलणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट दराची. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, 101 ते 300 पर्यंतच्या युनिटांचा त्याहून बराच अधिक. बिलातील स्थिर आकार वापर घटला म्हणून जात नाही. परंतु वाचलेले युनिट हे नेहमी वरच्या, महाग टप्प्यातीलच असते. समजा, एका घरात महिन्याला 130 युनिट लागतात. रोज अर्धा तास चालणारा गीझर पाव तासावर आणला, तर 15 युनिट वाचतात. 75 वॉटचा पंखा रोज 12 तास चालत असेल, तर त्याच्या जागी सुमारे 30 वॉटचा बीएलडीसी पंखा आल्यास आणखी 16 युनिट वाचतात. एवढ्याने ते घर 100 च्या आत येते. नवा पंखा महाग पडतो, म्हणून जुना मोडीत निघेल तेव्हा तो घ्यावा. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करण्यास मात्र पैसा लागत नाही.

शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्र घेताना त्यावरील ताऱ्यांची पट्टी पाहावी. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने ही पद्धत 2006 साली सुरू केली. तारे जितके अधिक, तितकी वीज कमी. शीतकपाटाच्या दाराचे रबर सैल झाले असल्यास ते बदलावे. वातानुकूलन यंत्र 24 अंशांवर ठेवावे.

शिक्षकांनी मुलांकडून सात दिवस, रोज ठरावीक वेळी, घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहून घ्यावा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या दिवसाचा खर्च. घरातील उपकरणांचे वॉट व तास यांचा तक्ता मुलांनीच करावा. असा तक्ता घेऊन एखादे मूल वडिलांसमोर उभे राहील, तेव्हा त्या घरात काय बंद करावयाचे हे रागाने नव्हे, हिशेबाने ठरेल. आणि अभ्यासाचा दिवा जळत राहील.