गुदाशय काढल्यानंतर



आजचा विषय संडासाचा आहे आणि तो मी त्याच शब्दांत मांडणार आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी बहिणीबरोबर टी. नरसीपूरला गेले. म्हैसूरहून तीसेक किलोमीटरवर कावेरी आणि कपिला तिथे मिळतात. १९८९ पासून तिथे कुंभमेळा भरतो, साधारण दर तीन वर्षांनी. बहीण घाटाच्या पायऱ्या उतरत होती आणि मी संडास कुठे आहे ते विचारत फिरत होते. आदल्या दुपारपासून मी नीट जेवले नव्हते, तरी तासाभरात चारदा जावं लागलं. संगमाच्या पाण्यात पाय बुडवले ते पाच मिनिटं, परत निघताना.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गुदाशयाच्या कॅन्सरवर उपचार झाले. रेडिएशन, केमो, ऑपरेशन, मग काही महिने पोटावर पिशवी. पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं, तेव्हा घरात पेढे वाटले. त्याच आठवड्यात मी दिवसाला पंधरा वेळा संडासात होते. दोन वर्षं मला वाटत राहिलं की माझंच खाणं चुकतंय. कुणी ताक सांगितलं, कुणी डाळिंबाची साल. खरं कारण कुणी सांगितलं नाही, कारण मीच कुणाला नीट विचारलं नव्हतं.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग. मळ साठवणं, सोय होईपर्यंत थोपवणं, खाली आलंय तो वारा आहे की मळ हे ओळखायला मदत करणं, ही त्याची कामं. तो काढला की वरचं आतडं थेट खाली जोडतात. त्या आतड्याला पुढे ढकलणं ठाऊक, थोपवणं नाही. रेडिएशननं आसपासचा भाग ताठर होतो, नसांनाही इजा झालेली असू शकते. म्हणून एकदा जाऊन आलं की दहा मिनिटांत पुन्हा घाई, वारा न आवरणं, रात्री कपडे खराब होणं. लघवीच्या आणि नवरा-बायकोच्या संबंधांतल्या अडचणीही यातूनच येतात; त्याही डॉक्टरांना सांगायच्याच असतात.

आतड्याच्या या त्रासाला नाव आहे: लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात लार्स. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी पाच प्रश्नांची गुणपत्रिका केली. गुण ० ते ४२; तीस किंवा त्याहून जास्त आले तर त्रास तीव्र. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर असं ऑपरेशन झालेल्या दहांपैकी चौघांना तो तीव्र असतो. १९०८ मध्ये लंडनच्या माइल्स यांनी जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात पिशवी जन्मभराची असे. शस्त्रक्रिया सुधारली, गुदद्वार वाचू लागलं, आणि वाचलेल्यांच्या वाट्याला हा त्रास आला. ही प्रगतीच आहे, पण तिची किंमत रुग्णाला आधी सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

टी. नरसीपूरच्या गुंजा नरसिंहाच्या हातात गुंज आहे. काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर अधिक, असं तिथले लोक सांगतात. माझी सुधारणाही गुंजेगुंजेनंच झाली. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर मळ बांधला जातो, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं जेवणाआधी लोपेरामाइडची गोळी सुरू झाली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले. नंतर कोमट पाण्यानं आतडं धुण्याची पद्धत शिकले. आता सकाळी एकदा धुतलं की बरेच तास निर्धास्त जातात. एवढं करूनही भागत नाही म्हणून काही जण कायमची पिशवी पुन्हा स्वीकारतात. त्यांना हरलेलं समजू नका. ते घराबाहेर पडतात, लग्नकार्याला जातात.

एक इशारा मात्र देते. रक्त पडलं, वजन उतरू लागलं, किंवा सवयीचा त्रास अचानक बदलला, तर "हे जुनंच आहे" म्हणून गप्प बसू नका. लगेच दाखवा.

जत्रा आणि मेळे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: संडास कुठे आहे याची पाटी दुरून दिसेल अशी लावा, आणि आत पाणी ठेवा. आणि इथे माझ्यासारखं कुणी बसलं असेल, किंवा तुमच्या घरी असेल, तर पुढच्या तपासणीला "बरं आहे" एवढंच म्हणून उठू नका. दिवसाला किती वेळा, रात्री किती वेळा, कपडे किती वेळा बदलावे लागतात, हे आकडे कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.