मोठी सनद कोणीं वांचविली?

मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडची मोठी सनद, हें नांव सुशिक्षित घरांतून सर्वांच्या परिचयाचें आहे. थेम्स नदीकांठचें रनीमीडचें कुरण, मध्यें बसलेला संतप्त जॉन राजा, भोंवतीं चिलखत ल्यालेले सरदार आणि राजाच्या हातांत लेखणी, असें चित्र पुष्कळांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलेलें असतें. त्यांतील लेखणी तेवढी खोटी. त्या काळचे राजे सही करीत नसत. मेणावर मोहोर उठवीत. परंतु याहून मोठा गैरसमज असा कीं, १५ जून १२१५ रोजीं ही सनद मिळाली आणि तेव्हांपासून इंग्लंडांत कायद्याचें राज्य नांदूं लागलें. वस्तुतः ती सनद पुरते दहा आठवडे होतात न होतात तोंच रद्द ठरली. ती मेली कशी आणि पुन्हां उठली कशी, हें समजण्यासाठीं १२१० ते १२१९ हें सारें दशकच डोळ्यांपुढें आणलें पाहिजे.

जॉन हा कांहीं मूर्ख किंवा आळशी राजा नव्हता. तो स्वतः न्यायनिवाड्यास बसे, राज्यभर अखंड फिरे, दप्तर बारकाईनें ठेववी. मात्र १२०४ सालीं नॉर्मंडी फ्रान्सच्या राजानें हिसकावून घेतली, तें शल्य त्यास स्वस्थ बसूं देईना. मुलूख परत घेण्यास फौज पाहिजे, फौजेस पैसा पाहिजे, आणि पैसा सरदारांच्या कातडीखालून काढला पाहिजे, असा त्याचा हिशेब. वडिलार्जित जमीन मुलाच्या नांवें लावून घेण्यास वाटेल तो नजराणा मागावा, विधवांस पुनर्विवाहाची सक्ति करावी किंवा ती टाळण्याचे पैसे घ्यावे, असा प्रकार चाले. आर्चबिशप कोण असावा या वादांत पोपनें १२०८ पासून इंग्लंडवर बहिष्कार घातला होता. चर्चमधील उपासना बंद, घंटा मुक्या, प्रेतांस पवित्र भूमींत जागा नाहीं. जॉननें उलट चर्चचेंच उत्पन्न जप्त केलें!

विल्यम डी ब्रिओझ या एके काळच्या लाडक्या सरदारावर राजाची गैरमर्जी झाली होती. निमित्त थकलेल्या कर्जाचें. १२१० सालीं सरदार निसटला, त्याची पत्नी मटिल्डा आणि थोरला मुलगा हातीं सांपडलीं, आणि कैदेंत दोघांचा उपासमारीनें अंत झाला. दोन वर्षांनीं वेल्समध्यें बंड होतांच, ओलीस ठेवलेल्या तेथील २८ मुलांस नॉटिंगहॅम येथें फांशीं देण्यांत आलें. ज्यांचे मुलगे राजाच्या ताब्यांत होते त्या सरदारांनीं यावरून काय तें ओळखलें.

१२१३ सालीं जॉननें पोपपुढें मान तुकविली आणि सारें राज्यच त्याचें मांडलिक करून दिलें. यांत त्याची धूर्तता होती, हें पुढें दिसेलच. २७ जुलै १२१४ रोजीं बूव्हीन येथें त्याच्या दोस्तांचा फ्रान्सच्या फिलिप राजानें धुव्वा उडविला. दहा वर्षें पिळून काढलेला पैसा एका दिवसांत मातीस मिळाला. पुढल्या मे महिन्यांत बंडखोर सरदार लंडनांत शिरले, आणि जॉनला रनीमीडला यावें लागलें.

सनदेंत आज ६३ कलमें मोजतात. त्यांत नदींतील मासे पकडण्याचे बांध काढून टाकावे, धान्य व मद्य यांचें माप सर्वत्र एक असावें, अशीं घरगुती कलमेंहि आहेत. कोणाहि स्वतंत्र मनुष्यास त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्यावांचून अगर देशाच्या कायद्यावांचून कैद करूं नये, न्याय विकूं नये व लांबवूं नये, हीं तिचीं रत्नें. ‘स्वतंत्र मनुष्य’ हे शब्द मात्र नीट पाहावेत. जमिनीस जखडलेले असंख्य कुळवाडी त्यांत येत नव्हते. सनदेचा घात केला तो ६१ व्या कलमानें. राजानें करार मोडल्यास २५ सरदारांनीं त्याचे किल्ले व मालमत्ता जप्त करावी, असें तें कलम होतें. असा लगाम कोणता राजा मुकाट्यानें घालून घेईल? जॉननें आपल्या नव्या धन्याकडे, म्हणजे पोप तिसऱ्या इनोसंटकडे दाद मागितली. २४ ऑगस्ट १२१५ रोजीं पोपनें सनद कायमची रद्द केली.

युद्ध पेटलें. रॉचेस्टरच्या किल्ल्याच्या बुरुजाखालीं जॉननें भुयार खणविलें आणि तें पेटविण्यासाठीं, खाण्यास निरुपयोगी पण चरबीनें भरलेलीं चाळीस डुकरें पाठवावीं, असा हुकूम सोडला. तो हुकूम आजहि उपलब्ध आहे. बुरुजाचा कोपरा कोसळला. उलट सरदारांनीं फ्रान्सचा युवराज लुई यासच गादीवर बोलावलें. मे १२१६ मध्यें तो उतरला आणि अर्ध्याहून अधिक सरदार त्यास मिळाले. ऑक्टोबरांत जॉन नेवार्क येथें आजारानें मेला. मागें राहिला तो नऊ वर्षांचा मुलगा हेन्री, रिकामी तिजोरी आणि शत्रूच्या हातीं गेलेली राजधानी. ग्लॉस्टर येथें घाईघाईनें त्याचा राज्याभिषेक उरकला.

श्रोतेहो, आतां या कथेंतील खरा पुरुष पुढें येतो. विल्यम मार्शल या सरदाराचें वय त्या वेळीं सत्तरीच्या घरांत होतें. लहानपणीं तो स्वतः ओलीस होता. त्याच्या बापानें करार मोडला, मुलाचें काय वाटेल तें करा म्हणून कळविलें. पण स्टीफन राजास त्या पोराची दया आली आणि तो वांचला. पुढें तो दुसरा हेन्री, रिचर्ड आणि जॉन यांच्या सेवेंत राहिला. जॉननें त्याचेहि दोन मुलगे ओलीस ठेवून घेतले होते, तरी बंडांत तो राजाच्याच बाजूस राहिला. आतां बालराजाचें पालकत्व सर्वांनीं त्याच्या गळ्यांत घातलें.

त्यानें पहिलें काम केलें तें मोठें नवलाचें. १२ नोव्हेंबर १२१६ रोजीं ब्रिस्टल येथें, पोपचा वकील ग्वाला याच्यासह, त्यानें तीच सनद पुन्हां जाहीर केली. बंडखोरांचा कागद राजपक्षानेंच उचलला! पंचवीस सरदारांचें कलम गाळलें, कांहीं कलमें पुढील विचारासाठीं ठेवलीं. पण गाभा राखला. ज्या पोपच्या गादीनें ती रद्द केली होती, तिच्याच वकिलाची मोहोर तिच्यावर उठली. यांत उदारपणा किती आणि डावपेंच किती, हें कोणीं सांगावें? बंडखोर जें मागत होते तें राजा आपण होऊन देऊं लागल्यावर त्यांनीं परक्या युवराजासाठीं कां लढावें, एवढा सरळ विचार त्यामागें होता.

२० मे १२१७ रोजीं लिंकन येथें निर्णायक लढाई झाली. तेथला किल्ला निकोला डी ला हे या वयोवृद्ध बाईनें महिनोन्‌महिने राखला होता. मार्शल शिरस्त्राण न घालतांच निघाला होता, तें नोकरानें आठवण दिल्यावर त्यानें घातलें, असें त्याचें चरित्र सांगतें. विजयानंतर शहराची लूट झाली ती मात्र लाजिरवाणी. २४ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पोपच्या आज्ञापत्रास बरोबर दोन वर्षें झालीं त्या दिवशीं, सँडविचसमोरच्या समुद्रांत फ्रेंच आरमार मोडलें. लुईस १०,००० मार्क देऊन वाटेस लावलें. बंडखोरांस युद्धापूर्वींच्या त्यांच्या जमिनी परत मिळाल्या. त्याच वर्षीं सनद पुन्हां काढली, आणि जोडीला जंगलाची वेगळी सनद दिली. राजाचें हरीण मारल्याबद्दल यापुढें कोणाचा प्राण किंवा अवयव जाऊं नये, असें तिनें ठरविलें. या लहान सनदेपासून वेगळी ओळखूं यावी म्हणूनच पहिलीस ‘मोठी’ हें नांव पडलें. १२२५ सालीं हेन्रीनें कराच्या मोबदल्यांत ती पुन्हां दिली, तोच पाठ पुढें कायद्यांत टिकला.

मार्शल १४ मे १२१९ रोजीं वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्यें त्याचें थडगें असून त्यावर चिलखतांतील दगडी पुतळा निजलेला आहे. १९४१ सालच्या बाँबहल्ल्यांत त्या चर्चचें छप्पर जळून कोसळलें, तेव्हां पुतळ्यासहि इजा झाली. तो अद्याप तेथेंच आहे.